फिरती शाळा कोणाच्या मालकीची?

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या कारभाराचा प्रारंभ १ ऑगस्ट १९६२ रोजी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये झाला. राज्याच्या औद्योगिकीकरणाचा पहिला धडा जेथे गिरवला गेला त्या या वसाहतीचे रूप साठ वर्षांत पार पालटले आहे. यंत्रांची घरघर ओसरली. अनेक कारखान्यांच्या जागी काचेच्या भिंतींचे आयटी पार्क उभे राहिले. आणि ज्यांच्या श्रमावर हे कारखाने चालले त्यांची नातवंडे किसननगर, रामनगर, हजुरी, सावरकरनगर, लोकमान्यनगर या दाट वस्त्यांमधून महापालिकेच्या किंवा बेताच्या शुल्काच्या खासगी शाळांत जात आहेत. या वस्त्यांच्या पश्चिमेस येऊरचा डोंगर आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे अरण्य आहे. पूर्वेस थोड्या अंतरावर ठाण्याची खाडी आहे. बिबट्याचे रान आणि रोहित पक्ष्यांची खाडी यांच्या मधोमध वाढणाऱ्या या मुलांना निसर्गाची आणि ऊर्जेची ओळख करून देण्यासाठी मात्र कोठून तरी एखादी गाडी यावी लागते. या विसंगतीचा विचार व्हावयास हवा.

शाळाशाळांतून फिरणाऱ्या अशा गाड्या आता परिचयाच्या झाल्या आहेत. छपरावर सौर पट्ट्या, आत सूर्यचूल, लहानशी पवनचक्की, हाताने फिरवावयाचे जनित्र, वन्य प्राण्यांची चित्रे, पावलांचे ठसे, एखादी चित्रफीत असा सरंजाम असतो. गाडीच्या दोन्ही अंगांना एखाद्या कंपनीचे बोधचिन्ह ठळकपणे रंगवलेले असते. दोन तास कार्यक्रम होतो, मुले हरखून जातात, छायाचित्रे काढली जातात, पटावरील सारी मुले अहवालात ‘लाभार्थी’ म्हणून मोजली जातात आणि गाडी पुढच्या शाळेकडे निघून जाते. या उपक्रमांची थट्टा करण्याचे काहीच कारण नाही. स्वतःच्या हाताने जनित्र फिरवून पहिल्यांदाच दिवा पेटवणाऱ्या मुलाच्या डोळ्यांतील चमक खरी असते, आणि गाडीबरोबर फिरणारी तरुण मुलेमुली बहुधा तुटपुंज्या मानधनावर मनापासून राबत असतात. विचारावयाचे ते एवढेच की ही गाडी कोणाची आहे, ती पुन्हा केव्हा येणार आहे, आणि मुलांना जे ती सांगते त्यातून काय गाळते?

फिरते शिक्षण ही महाराष्ट्राला परकी कल्पना नव्हे. सत्यशोधकांचे जलसे गावोगाव फिरले. गाडगेबाबांनी दिवसा गावाचे रस्ते झाडले आणि रात्री त्याच गावात कीर्तन केले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने समतेचा विचार पोवाड्या-लोकनाट्यांतून खेड्यापाड्यांत नेला. शाळेपुरतेच बोलावयाचे तर ज्या ठाणे जिल्ह्यातून २०१४ साली पालघर वेगळा झाला त्याच जिल्ह्यात याचा सर्वांत मोठा प्रयोग झालेला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे काम उभारले, त्यात एक साधे तत्त्व होते: मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे. त्यातूनच अंगणवाडी निघाली आणि त्यातूनच कुरणशाळा निघाली. गुरे राखणाऱ्या मुलांच्या मागे कुरणात जाऊन भरणारी ही शाळा होती. झाडाची पाने, खडे, बिया, पक्षी हीच तिची शैक्षणिक साधने होती. ती फिरती होती, पण पाहुणी नव्हती. दुसऱ्या दिवशी तीच बाई, तीच मुले आणि तेच कुरण असे. फिरत्या शिक्षणाची कसोटी लावावयाची असेल तर ती येथून उचलावी लागेल.

पुढे केरळ शास्त्र साहित्य परिषदेच्या उदाहरणाने प्रेरणा घेऊन १९८७ साली भारत जन विज्ञान जथा निघाला. देशाच्या पाच दिशांनी निघालेले जथे नोव्हेंबरमध्ये भोपाळला, म्हणजे ज्या शहराने १९८४ साली उद्योगाच्या बेपर्वाईची सर्वांत भीषण किंमत मोजली होती त्या शहरात, एकत्र आले. ठिकाणाची ही निवड विज्ञान कोणासाठी या प्रश्नाचे उत्तर देणारी होती. महाराष्ट्रात लोकविज्ञान संघटनेने याच मार्गाने काम केले. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या विज्ञानबोध वाहिनीने दुर्बिणी, पुस्तके आणि प्रयोगांची साधने घेऊन शाळा पालथ्या घातल्या. सरकारनेही या क्षेत्रात एक मोठी गोष्ट केली, हे मान्य करावयास हवे: २००७ साली सुरू झालेली ‘सायन्स एक्स्प्रेस’ ही रेल्वेगाडी २०१२ पासून जैवविविधतेचे आणि २०१५ पासून हवामानबदलाचे प्रदर्शन घेऊन देशभर हिंडली. २०१७ पर्यंत तिच्या नऊ फेऱ्या झाल्या. परंतु रेल्वेगाडी फलाटावर येते आणि जाते. फलाटापर्यंत पोहोचण्याची ऐपत नसलेल्या शाळेला ती वर्तमानपत्रातच दिसते.

यातील केरळच्या उदाहरणापाशी थोडे थांबणे इष्ट आहे, कारण ऊर्जा आणि वन्यजीवन हे दोन विषय एकाच गाडीत का असावेत याचे उत्तर तेथे मिळते. पालक्काड जिल्ह्यातील सायलेंट व्हॅलीच्या अरण्यात कुंतीपुळा नदीवर धरण बांधून १२० मेगावॉट वीज निर्माण करण्याची योजना होती. अरण्य बुडणार होते. सिंहपुच्छ वानराचे एक महत्त्वाचे वसतिस्थान नष्ट होणार होते. ‘माणसाला वीज हवी की माकड हवे?’ असा प्रश्न योजनेचे समर्थक तेव्हा विचारीत, आणि प्रश्न बिनतोड वाटे. डाव्या पक्षांतील व कामगार संघटनांतील अनेकांनाही तो तसाच वाटला होता. शास्त्र साहित्य परिषदेतील शिक्षकांनी आणि वैज्ञानिकांनी भावनेच्या भरात उत्तर दिले नाही. त्यांनी विजेचा हिशेब मांडला. ही वीज नेमकी किती, ती कोणाला मिळणार, मलबारची गरज अन्य मार्गांनी भागते की नाही, पारेषणातील गळती थांबवली तर किती वाचेल, असे प्रश्न त्यांनी विचारले आणि त्यांची उत्तरे गावोगाव लोकांसमोर नेली. १९८३ साली योजना सोडून देण्यात आली, १९८४ साली ते अरण्य राष्ट्रीय उद्यान झाले. या विजयात कवींचा वाटा होता, वैज्ञानिकांचा होता. पण त्याचा कणा शाळामास्तरांनी केलेले लोकशिक्षण हा होता. या शिक्षणाचा विषय केवळ वानर नव्हता आणि केवळ वीजही नव्हती. विकासाची किंमत कोण ठरवतो आणि ती कोणाकडून वसूल होते, हा तो विषय होता.

हाच धडा वागळे इस्टेटच्या मुलाला देण्यासाठी केरळपर्यंत जाण्याची गरज नाही. त्याच्या वर्गातील पंखा ज्या विजेवर फिरतो ती कोठून येते, एवढे विचारले तरी पुरे. राज्याची वीज एकाच जाळ्यातून वाहते, म्हणून अमुक पंखा अमुक केंद्रावर चालतो असे बोट ठेवून सांगता येत नाही. परंतु चंद्रपूरहून निघणारी उच्च दाबाची एकदिश विद्युत्‌वाहिनी सुमारे ७५० किलोमीटरचे अंतर कापून याच ठाणे जिल्ह्यातील पडघे येथे उतरते; १९९९ पासून ती १,५०० मेगावॉटपर्यंत वीज या बाजूला आणू शकते. तिच्या दुसऱ्या टोकाला २,९२० मेगावॉटचे चंद्रपूर महाऔष्णिक केंद्र आहे, भोवती कोळशाच्या खाणी आहेत, आणि खाणींना लागून ताडोब्याच्या वाघांचे रान आहे. खाणींचे ढिगारे आणि केंद्राच्या आवारातील माजलेली झुडुपे यांत वाघ-बिबट्यांनी आसरा घेतला. फेब्रुवारी २०२२ मध्ये पाळी संपवून घरी निघालेल्या एका कामगाराला केंद्राच्या आवारातच वाघाने ठार केले. लगेच पुढच्या दिवशी शेजारच्या दुर्गापुरात एका किशोरवयीन मुलाला बिबट्याने उचलून नेले. मरणारा येथेही कामगार आणि कामगार वस्तीतला मुलगाच होता. ठाण्याच्या शाळेतील मुलाला वाघाचे सुंदर चित्र दाखवणारी, आणि सौर दिवा पेटवून दाखवणारी, पण वाहिनीच्या या दोन टोकांची गोष्ट न सांगणारी गाडी त्याला माहिती देते, समज देत नाही.

यावर कोणी म्हणेल की म्हणूनच तर मुलांना सौर आणि पवन ऊर्जेचे महत्त्व शिकवावयाचे. ते खरेच आहे, पण अर्धे खरे आहे. भीमाशंकरच्या अभयारण्याला लागून डोंगरमाथ्यावर पवनचक्क्या उभारण्यासाठी रस्ते फोडले गेले, झाडे तोडली गेली, उतारावरची माती खालच्या ओढ्यांत आणि शेतांत उतरली. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात या प्रकल्पाची नोंद वाईट कारभाराचे उदाहरण म्हणून केली आहे. राजस्थानात सौर प्रकल्पांची वीज वाहून नेणाऱ्या तारांना धडकून माळढोक मरतात, हा वाद २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापर्यंत गेला, आणि २०२४ मध्ये न्यायालयाला तो आदेश बदलून समितीकडे सोपवावा लागला. वारा आणि ऊन निर्मळ असतात, पण त्यांच्यावर चालणारा धंदा आपोआप निर्मळ होत नाही. कोळशाला विरोध म्हणजे सौर कंपनीचा जयजयकार, असे सोपे समीकरण मुलांच्या मनात रुजवणे हा एका अज्ञानाच्या जागी दुसरे अज्ञान बसवण्याचा प्रकार होईल. गेल्या काही वर्षांत भारताच्या एकूण स्थापित वीजक्षमतेत कोळसा-वायू वगळून असलेल्या स्रोतांचा वाटा निम्म्यावर गेला. प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेत मात्र कोळशाचा वाटा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. या दोन आकड्यांतील फरक आठवीच्या मुलाला समजावून सांगता येतो: सूर्य रात्री मावळतो आणि ठाण्यात पावसाळ्याचे चार महिने अनेकदा दिवसाही दिसत नाही. हे समजलेला मुलगा जाहिरातीला फसणार नाही.

वन्यजीवनाच्या शिक्षणाचीही हीच गत आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे. २०१५ च्या कॅमेरा-सापळ्यांच्या मोजणीत उद्यान आणि लगतच्या परिसरात ३५ बिबटे आढळले होते. २००२ ते २००४ या काळात उद्यानाच्या भोवती बिबट्याच्या हल्ल्यांचे सत्र झाले, २००४ च्या जूनमध्ये तर एकापाठोपाठ बळी गेले. तेव्हाचा उपाय म्हणजे पिंजरे लावणे आणि पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडणे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नर परिसरातील अभ्यासातून दाखवून दिले की अशा स्थलांतराने हल्ले कमी होत नाहीत, उलट जेथे प्राणी सोडले जातात तेथे ते वाढतात. २०११ पासून वन विभागाने, तेव्हाचे संचालक सुनील लिमये यांच्या पुढाकाराने, ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम चालवला. वस्त्या, शाळा, पोलीस, पत्रकार यांच्याशी सातत्याने बोलणे हा त्याचा गाभा होता. शिक्षण हे संरक्षणाचे साधन होऊ शकते याचे इतके जवळचे उदाहरण दुसरे नाही. तरीही २० फेब्रुवारी २०१९ रोजी ठाण्यात समतानगरच्या मॉलमध्ये बिबट्या शिरला तेव्हा बघ्यांनी जी गर्दी केली, ती पाहता हे शिक्षण ठाण्याच्या बाजूला किती पोहोचले होते याविषयी शंका घेण्यास जागा आहे. वन विभागाने त्याला बेशुद्ध करून सुखरूप पकडले, हे त्या कर्मचाऱ्यांचे कौशल्य.

बिबट्या वस्तीत का येतो, हे शिकवण्यासाठी चित्रफितीपेक्षा कचराकुंडी अधिक उपयोगी आहे. कचरा उचलला गेला नाही की कुत्री जमतात. कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. त्याच्या आहारात भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा असल्याचे अभ्यासांतून दिसले आहे. वागळे इस्टेटच्या सी.पी. तलाव येथील कचरा हस्तांतरण केंद्राच्या दुर्गंधीविषयी तेथील रहिवाशांनी रस्त्यावर येऊन आवाज उठवला. हा नागरी सुविधेचा प्रश्न समजला जातो, तो तसा आहेही. पण डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या शहरात तो वन्यजीवनाचाही प्रश्न असतो. सार्वजनिक शौचालय दूर असेल, गल्लीतला दिवा महिनोन्‌महिने बंद असेल, तर पहाटेच्या अंधारात बाहेर पडणारे मूल बिबट्यासमोर निःशस्त्र असते. उंच इमारतीच्या गच्चीवरून बिबट्या पाहणाऱ्यास तो सौंदर्याचा विषय वाटतो, डोंगरालगतच्या झोपडीत राहणाऱ्यास तो भयाचा विषय वाटतो. शिक्षणाने पहिल्याची भाषा दुसऱ्यावर लादू नये.

येथे येऊरच्या पाड्यांतील आदिवासींची आठवण ठेवावयास हवी. वारली समाज पिढ्यान्‌पिढ्या वाघोबाची पूजा करीत आला आहे. वाघ आणि बिबट्या दोघेही त्या नावात येतात. भीती आहे, आदर आहे, आणि एकमेकांच्या वाटेत न येण्याचे काही अलिखित नियमही आहेत. पाड्यावरचे मूल शाळेत येते तेव्हा ते ज्ञान दाराबाहेर ठेवून यावे अशी आपल्या शिक्षणपद्धतीची अपेक्षा असते; मग शहरातून आलेला मार्गदर्शक त्यालाच बिबट्याची माहिती सांगतो. फिरत्या शाळेच्या गाडीत पाड्यावरची एखादी जाणती बाई मानधनावर शिक्षिका म्हणून का बसू नये? डोंगर कोणाच्या ज्ञानाने राखला गेला याचा उल्लेखही न करता, ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचे काम याच उद्यानाच्या पोटातून २०२४ पासून सुरू करणारे राज्य मुलांना ‘एक झाड लावा’ असे सांगते, तेव्हा त्या उपदेशाचे वजन मुलांनाही कळते.

ऊर्जेच्या बाबतीत वर्गभेद याहून उघड आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने सूर्यघर योजना आणली: एक कोटी घरांच्या छपरांवर सौर पट्ट्या, ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद, तीन किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान. योजना चांगली आहे. फक्त तिला छप्पर लागते. किसननगरच्या दाटीवाटीच्या इमारतीत भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाला छप्पर असते, पण ते त्याच्या मालकीचे नसते. झोपडपट्टीतल्या पत्र्यावर पट्ट्या बसवणे कायद्यानेही अवघड आणि भारानेही अवघड. म्हणजे सार्वजनिक तिजोरीतले अनुदान पुन्हा ज्याच्याजवळ मालमत्ता आहे त्याच्याकडेच वाहत जाते. नव्या इमारतींना सौर जलतापक सक्तीचे करणाऱ्या राज्यातील पहिल्या काही महापालिकांत ठाण्याची गणना होते. पण चाळीतल्या आणि झोपडीतल्या माणसापर्यंत ती सक्ती कशी पोहोचणार? या वस्त्यांत सर्वांचे म्हणता येईल असे एकच मोठे छप्पर आहे आणि ते महापालिकेच्या शाळेचे आहे.

त्या छपराचा साधा हिशेब मुलांकडूनच करवून घेता येईल. एका वर्गाच्या मजल्यावर आठ पंखे, प्रत्येकी ७५ वॉट, रोज सहा तास. दिवसाला ३.६ युनिट वीज झाली. एक युनिट विजेसाठी साधारण ७०० ग्रॅम कोळसा जळतो असे धरले तर या पंख्यांपायी रोज अडीच किलो कोळसा जळतो. जुन्या पंख्यांच्या जागी ३० वॉटचे नवे पंखे लावले तर तीच गरज दीड युनिटच्या आत भागते. शंभर चौरस फूट जागेत बसणारा एक किलोवॉटचा सौर संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज देतो. शाळा दिवसा भरते आणि सूर्यही दिवसाच उगवतो, त्यामुळे बॅटरीचा महागडा खर्च येथे टळतो. सुट्टीच्या दिवसांची वीज महावितरणच्या जाळ्यात जाते आणि देयकातून वजा होते. गणित, भौतिकशास्त्र आणि अर्थशास्त्र यांचा असा एकत्र पाठ कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. वर्गाच्या भिंतीवर मीटर असावा, रोज त्याची नोंद मुलांनी करावी, पावसाळ्यात आकडा का घसरला यावर वाद घालावा. पट्ट्यांवर साचलेली धूळ पुसण्याआधी आणि पुसल्यानंतरचा फरकही त्यांनीच मोजावा.

आणि संच बिघडला तर? सरकारी सौर योजनांचे मरण येथे असते. उद्घाटनाची फीत कापली जाते, दोन वर्षांनी इन्व्हर्टर बंद पडतो आणि पट्ट्यांवर कबुतरे बसू लागतात. मुंबई आयआयटीतून निघालेल्या सौर अभ्यासदिव्यांच्या योजनेने दहा लाख विद्यार्थ्यांपर्यंत दिवे पोहोचवले. त्या योजनेचे खरे वैशिष्ट्य मात्र आकड्यात नव्हते. दिवे जोडण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम गावातल्याच लोकांना शिकवले गेले, हे ते वैशिष्ट्य. ती योजना उभारणारे प्राध्यापक चेतनसिंग सोलंकी नोव्हेंबर २०२० मध्ये २०३० पर्यंत घरी न परतण्याचा संकल्प करून सौर ऊर्जेवरील बसमधून ‘ऊर्जा स्वराज’ यात्रेला निघाले. त्यांच्या यात्रेतील व्यक्तिगत व्रताचा भाग बाजूला ठेवला तरी वीज कमी वापरणे आणि स्थानिक पातळीवर निर्माण करणे हा त्यांचा आग्रह समाजवाद्यांनी दुर्लक्षावा असा नाही. वागळे इस्टेटमध्ये तर दुरुस्तीचे प्रश्नपत्र सोडवणारी संस्था शाळांच्या शेजारीच आहे. येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेने कारखान्यांना वीजतंत्री आणि जोडारी पुरवले. तिचे प्रशिक्षणार्थी शाळांच्या छपरांवरील संचांची देखभाल शिकाऊ उमेदवार म्हणून करू लागले तर मुलांना आपल्याच वस्तीतला ताई-दादा छपरावर काम करताना दिसेल, आणि त्या ताई-दादांना आयटी पार्कच्या दारावर पहारेकऱ्याची नोकरी करण्यापेक्षा वेगळी एक वाट दिसेल.

आता मालकीचा प्रश्न. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापुढील कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. सातव्या अनुसूचीत शिक्षणही आहे, पर्यावरणही आहे, वन्यजीवनही आहे. म्हणून फिरत्या गाडीवर खर्च करणे कंपनीला सोयीचे असते. नियमांप्रमाणे असा ‘चालू प्रकल्प’ आरंभाचे वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंत चालू शकतो. मूल पहिलीत येते आणि आठवीतून बाहेर पडते त्याला आठ वर्षे लागतात. कंपनीच्या प्रकल्पाचे आयुष्य आणि मुलाच्या शिक्षणाचे आयुष्य यांतच मेळ नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी की हा पैसा ज्या नफ्यातून आला त्या नफ्याविषयी गाडी मौन पाळते. कोळशाच्या व्यवहारातील कंपनीची गाडी चंद्रपूरविषयी बोलणार नाही, बांधकाम कंपनीची गाडी खारफुटीविषयी हात राखूनच बोलेल. सक्तीचा खर्च म्हणजे वस्तुतः एक प्रकारचा करच; परंतु या कराचा विनियोग लोकप्रतिनिधी नव्हे तर करदाता स्वतःच्या नावाची पाटी लावून ठरवतो. असा कर जगात फार थोड्यांना भरावयास मिळत असेल!

याउलट सार्वजनिक तरतुदीची अवस्था पाहावी. १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचा आदेश दिला. २००३ साली त्याच न्यायालयाला पुन्हा बजावून अभ्यासक्रम आखून घ्यावा लागला. २००१-०२ पासून राष्ट्रीय हरित सेनेखाली शाळांत इको क्लब स्थापन झाले, आणि एका शाळेच्या क्लबला वर्षाला आधी २,५०० आणि नंतर ५,००० रुपये मिळू लागले. पाच हजारांत चारशे मुलांची शाळा वर्षभर कोणता निसर्ग पाहणार? एक बस भाड्याने घेऊन ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रापर्यंत जाऊन यावे म्हटले तरी ही रक्कम संपते. २०१५ मध्ये अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर क्षेत्र म्हणून मान्यता पावलेली ठाण्याची खाडी या मुलांपासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि तरी तिच्यातले रोहित पक्षी त्यांतील कित्येकांनी प्रत्यक्ष पाहिलेले नाहीत.

ज्या शाळांत शिक्षक अपुरे आहेत, स्वच्छतागृहे धड नाहीत, तेथे सौर पट्ट्या आणि बिबट्यांचे कौतुक कशाला, असा आक्षेप कार्यकर्त्यांच्या बैठकीत हमखास येईल. आक्षेपामागची तळमळ खरी आहे. पण गरिबाच्या मुलाला आधी अक्षरे, मग कधीतरी विज्ञान आणि अखेर सवड मिळाल्यास निसर्ग, ही पायरी कोणी ठरवली? श्रीमंतांच्या शाळा जंगलातील शिबिरे आणि सौर प्रकल्प यांची जाहिरात करून शुल्क वाढवतात. पुढच्या काळातील रोजगार, शहराची रचना आणि विजेचे दर यांविषयीचे निर्णय ज्या ज्ञानावर होणार आहेत, ते ज्ञान वस्तीतल्या मुलापासून दूर ठेवणे हा नवा जातिभेद ठरेल. रत्नाकर मतकरी आणि समता विचार प्रसारक संस्था यांनी २०१४ मध्ये ठाण्यात ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला तेव्हा झोपडपट्टीतल्या मुलांना नाटक कशाला, असे विचारणारेही भेटलेच असतील. मुलांनी आपल्याच वस्तीचे प्रश्न रंगमंचावर मांडून त्यांना उत्तर दिले.

कंपन्यांचे पैसे नाकारण्याचे पोकळ पावित्र्य बाळगण्याचीही गरज नाही. ज्या कायद्याने त्यांना खर्च करावयास लावले त्याच कायद्यात स्थानिक क्षेत्राला प्राधान्य द्यावे असे म्हटले आहे. वागळे इस्टेटमध्ये कचेऱ्या असलेल्या कंपन्यांनी ती रक्कम महापालिकेच्या शिक्षण विभागाच्या एका स्वतंत्र निधीत घालावी, गाडीवर महापालिकेचे नाव असावे, अभ्यासक्रम शिक्षकांनी आणि पर्यावरण दक्षता मंडळासारख्या ठाण्यातच वर्षानुवर्षे काम करणाऱ्या संस्थांनी आखावा. गाडी एका शाळेत वर्षातून एकदा नव्हे तर दर महिन्याला यावी, आणि मधल्या दिवसांत तिचे काम शाळेतील एका शिक्षकाने पुढे न्यावे. त्यासाठी त्या शिक्षकाला जनगणना, मतदारयाद्या आणि सर्वेक्षणे यांच्या कामांतून मोकळा केल्याखेरीज हे सारे कागदावरच राहील. गाडीने मुलांना बसमध्ये घालून रायलादेवी तलावावर, येऊरच्या पायथ्याशी, खाडीच्या काठावर न्यावे. कधी एकदा पडघ्याच्या वीजकेंद्राच्या कुंपणापर्यंतही न्यावे. उन्हाळ्याच्या सुट्टीत गाडी रिकामी उभी न ठेवता वस्त्यांच्या चौकात संध्याकाळी लावावी, म्हणजे आईबापही पाहतील. विजेचे देयक वाचावयास शिकवणारा एक कार्यक्रम तेथे झाला तर गर्दी जमवण्यासाठी चित्रफितीची गरज पडणार नाही.

यासाठी लागणारे व्यासपीठ आधीच अस्तित्वात आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती नेमली असून तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा करण्याचा अधिकार या समितीला आहे. पुष्कळ ठिकाणी हा आराखडा मुख्याध्यापकच लिहितात आणि पालक सही करतात. पक्षाच्या किती कार्यकर्त्यांनी आपल्या प्रभागातील शाळेच्या समितीची बैठक कधी पाहिली आहे? ठाणे महापालिकेत मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे निवडून आलेली सभाच नव्हती. अंदाजपत्रके प्रशासकाने मांडली आणि प्रशासकानेच मंजूर केली. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीने ती पोकळी भरली आहे. पुढच्या अंदाजपत्रकाआधी वागळे प्रभागातील दहा शाळांच्या समित्यांनी आपल्या आराखड्यात छपरावरील संच, महिन्याची फेरी आणि खाडीपर्यंतच्या बसचे भाडे या तीन बाबी रकमेसह लिहून शिक्षण समितीकडे धाडल्या, आणि त्यांची पोच घेऊन ठेवली, तर नगरसेवकांना त्या आकड्यांवर सभागृहात उभे राहून बोलावे लागेल.